मराठी चित्रपट, जुने आणि नवे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी चित्रपटांविषयी लिहू-बोलू लागल्यापासून माझ्याकडे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते त्यांच्या उत्तरांसह येथे एकत्र केले आहेत. मते माझी आहेत. त्यांच्यामागची धारणा एकच आहे, ती अशी की मराठी चित्रपट डोळ्यांइतकाच कानांनीही पाहावा लागतो. आपल्याकडच्या चांगल्या दिग्दर्शकांनी बोली, गाणे, घरातले आवाज आणि शांतता यांवर जितके कष्ट घेतले, तितके कष्ट प्रेक्षक म्हणून आपण ऐकण्यावर घेत नाही. प्रश्न ८, १३ आणि १७ यांच्या उत्तरांत चित्रपटांचे शेवट उघड होतात, म्हणून ज्यांनी ते चित्रपट पाहिलेले नाहीत त्यांनी ती उत्तरे नंतर वाचावीत.

१. मी जुने मराठी चित्रपट जवळजवळ पाहिलेलेच नाहीत. सुरुवात कुठून करावी?

कालक्रमाने सुरुवात करू नये. १९३२ पासून एकेक चित्रपट पाहत येण्याचा संकल्प करणारे बहुतेक जण दुसऱ्या-तिसऱ्या चित्रपटापाशी थांबतात, कारण जुन्या प्रतींचा खरखरणारा आवाज आणि रंगभूमीच्या वळणाचे संवाद यांची कानाला सवय व्हायला वेळ लागतो. राजा परांजपे यांचा 'जगाच्या पाठीवर' (१९६०) आधी पाहावा. ग. दि. माडगूळकर यांची गीते आणि सुधीर फडके यांचे संगीत आपल्या घरांत इतके मुरलेले आहे की चित्रपट न पाहिलेल्या माणसालाही तो अर्धा ओळखीचा वाटतो, आणि तीच गाणी कथेतल्या आपल्या जागी ऐकली की त्यांचे वजन बदलते. त्यानंतर 'सामना' पाहावा (प्रश्न ९), आणि मग मागे वळून 'संत तुकाराम' (प्रश्न ३). या तिघांपैकी एकही आवडला नाही, तर जुन्या चित्रपटांचा नाद सोडून थेट प्रश्न १२ कडे जाण्यास हरकत नाही.

२. पहिला मराठी चित्रपट कोणता मानायचा, 'राजा हरिश्चंद्र' की 'अयोध्येचा राजा'?

दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. तो मूकपट असल्याने त्याला बोलली जाणारी भाषा नाही; तो मराठी माणसाने, बहुतांशी मराठी माणसांना घेऊन केलेला भारतीय कथापट आहे. त्यात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती, कारण चित्रपटात काम करण्यास स्त्रिया तयार नव्हत्या. त्याआधी मे १९१२ मध्ये दादासाहेब तोरणे यांचा 'पुंडलिक' दाखवला गेला होता, परंतु ते एका नाटकाचे चित्रीकरण असल्यामुळे त्याला पहिल्या कथापटाचा मान सहसा दिला जात नाही. मराठी भाषा पडद्यावरून प्रथम ऐकू आली ती प्रभात फिल्म कंपनीच्या 'अयोध्येचा राजा' (१९३२) मध्ये. दिग्दर्शक व्ही. शांताराम होते, आणि गोविंदराव टेंबे व दुर्गा खोटे प्रमुख भूमिकांत होते. कथा पुन्हा हरिश्चंद्राचीच होती. एका प्रतिष्ठित घरातील सुशिक्षित स्त्रीने तारामती साकारावी, हा १९१३ ते १९३२ मधला बदल मला तंत्रातल्या बदलाइतकाच मोठा वाटतो.

३. जुने चित्रपट फार संथ वाटतात. नेटाने पाहावेत की सोडून द्यावेत?

संथपणाचे दोन प्रकार आहेत. काही चित्रपट संथ आहेत कारण दिग्दर्शकाला प्रसंग संपवता आलेला नाही. असे चित्रपट खुशाल सोडून द्यावेत, जुने आहे म्हणून सगळेच जपायचे नसते. काही चित्रपटांची लय मात्र माणसांच्या कामाच्या लयीवर बेतलेली असते. विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' (१९३६) हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. विष्णुपंत पागनीस यांनी त्यापूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका केल्या होत्या, आणि त्यांच्या तुकारामात जो मार्दवाचा अंश आहे तो मला तेथूनच आलेला वाटतो. ते अभंग म्हणतात तेव्हा बोलणे कोठे थांबले आणि गाणे कोठे सुरू झाले हे कळत नाही.

त्यांच्यासमोर गौरी यांची जिजाई आहे, आणि चित्रपटाचा खरा तोल तिच्याकडे आहे. तिला म्हशीचे पाहायचे आहे, पोरांच्या तोंडी काही घालायचे आहे, आणि नवरा विठ्ठलाशिवाय कशाकडे पाहत नाही. पोर आजारी पडते तेव्हा ती देवळात शिरून विठोबावरच चप्पल उगारते. तिच्या तोंडचे मराठी इतके घरगुती आणि तिखट आहे की त्या एका आवाजामुळे चमत्कारांनी भरलेला हा चित्रपट जमिनीवर राहतो. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात या चित्रपटाची विशेष दखल घेतली गेली, हे आपण अभिमानाने सांगतो; माझ्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट ही की भक्त आणि भक्ताची बायको या दोघांनाही त्यात आपापल्या जागी खरे ठरवले आहे. कंटाळा येत असेल तर जिजाईचे प्रसंग नीट ऐकावेत; उरलेला चित्रपट आपोआप जवळ येतो.

४. 'आधी बीज एकले' हा तुकाराम महाराजांचा अभंग गाथेत का सापडत नाही?

कारण तो गाथेतला नाही. शांताराम आठवले यांनी तो 'संत तुकाराम' चित्रपटासाठी लिहिला, आणि संगीत केशवराव भोळे यांचे आहे. रचना इतकी अस्सल वाटली की ती तुकोबांचीच असे समजून अनेकांनी गाथेत तिचा शोध घेतला. आजही ती भजनांत तुकोबांच्या नावाने गायली जाते. ज्यांनी हा प्रश्न थोड्या खट्टू मनाने विचारला आहे त्यांना एवढेच सांगेन की चित्रपटासाठी लिहिलेले गीत वारकऱ्याच्या तोंडी अभंग म्हणून बसावे, याहून मोठी पावती गीतकाराला कोणती मिळणार?

५. 'कुंकू' बद्दल इतके ऐकले आहे. आज पाहण्यासारखे त्यात नेमके काय आहे?

शांतता आहे. व्ही. शांताराम यांनी १९३७ च्या या चित्रपटात पार्श्वसंगीत वापरले नाही. ज्या काळात बोलपट म्हणजे गाण्यांची रास अशीच समजूत होती, त्या काळात त्यांनी घराचे आणि रस्त्याचे आवाज पुढे आणले. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर तो आधारलेला आहे. मामाने पैशाच्या लोभाने नीरेचे लग्न एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावून दिलेले आहे, आणि ती त्या लग्नाला लग्न मानण्यास साफ नकार देते. शांता आपटे यांची नीरा रडून दया मागत नाही. ती दार लावून घेते, ती उलट उत्तर देते.

त्या घरातले भिंतीवरचे जुने घड्याळ लक्ष देऊन ऐकावे. संगीत नसल्यामुळे त्याची टिकटिक मोकळी ऐकू येते, आणि केशवराव दाते यांचे काकासाहेब एकटे बसलेले असताना तीच टिकटिक त्यांचे वय मोजत राहते. कोणताही संवाद न उच्चारता म्हाताऱ्याच्या मनातली भीती आपल्यापर्यंत पोहोचते, आणि ज्या माणसाचा राग यावा त्याची आपल्याला कणव येऊ लागते. दाते यांचा अभिनय मी मराठी पडद्यावरच्या सर्वोत्तम कामांत धरतो. याच चित्रपटात नीरा एक इंग्रजी कविता गाते. पहिल्यांदा पाहताना ते विचित्र वाटते, परंतु शिकलेल्या मुलीला कोंडून ठेवले आहे ही गोष्ट त्या गाण्याने जितकी ठसते तितकी भाषणाने ठसली नसती. शेवटाविषयीच्या आक्षेपासाठी प्रश्न १७ पाहावा.

६. प्रभातचे अनेक चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत आहेत. कोणती आवृत्ती पाहावी?

मराठी येत असेल तर मराठीच. हे चित्रपट डब केलेले नाहीत. ते दोन्ही भाषांत स्वतंत्रपणे चित्रित केले गेले. 'अयोध्येचा राजा', 'कुंकू' (हिंदीत 'दुनिया न माने'), 'माणूस' (हिंदीत 'आदमी', १९३९) आणि 'शेजारी' (हिंदीत 'पडोसी', १९४१) ही त्यांतली ठळक नावे. हिंदी संवाद नेटके आहेत, परंतु 'कुंकू' मधल्या घरातील माणसे ज्या सुरात एकमेकांना टोमणे मारतात तो सूर मराठीच आहे.

'माणूस' च्या बाबतीत भाषेचा प्रश्न आणखी गमतीचा होतो. शांता हुबळीकर यांचे 'कशाला उद्याची बात' हे गाणे नाना प्रांतांच्या गिऱ्हाइकांसमोर अनेक भाषांतून फिरते. तिला सगळ्यांच्या भाषा येतात, पण तिच्याशी सरळ माणसासारखे बोलणारे कोणी नसते, आणि ते पुढे एक पोलीस करतो. जेथे मराठी प्रत फारच खराब आणि हिंदी प्रत स्वच्छ मिळते, तेथे हिंदी आधी पाहून कथा समजून घ्यावी आणि नंतर मराठी ऐकावी. पुढच्या काळात डॉ. जब्बार पटेल यांचा 'उंबरठा' (१९८२) देखील हिंदीत 'सुबह' या नावाने केला गेला. तेथेही माझे उत्तर हेच आहे.

७. 'श्यामची आई' लहान मुलांना दाखवावा का? तो फार रडवतो असे म्हणतात.

दाखवावा, परंतु शेजारी बसून. आचार्य अत्रे यांनी साने गुरुजींच्या पुस्तकावरून १९५३ मध्ये केलेल्या या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. वनमाला यांची आई करारी आहे. मुलाला हाताने मारून त्याच्याआधी स्वतः व्याकूळ होणारी आई आहे. आजची मुले रडण्यापेक्षा प्रश्न अधिक विचारतात: आईने मारले का, घरात पैसे का नव्हते, वडील गप्प का. त्या प्रश्नांना खरी उत्तरे देण्याची तयारी असेल तर याहून चांगला चित्रपट नाही.

८. तमाशापट आज का पाहावेत? सगळे एकसारखेच वाटतात. (शेवट उघड होतो.)

पुष्कळसे एकसारखेच आहेत, हे मान्य केले पाहिजे. पाटील, मास्तर, फडावरची नायिका आणि शेवटी पश्चात्ताप असा साचा इतक्या वेळा वापरला गेला की त्यातला जीव गेला. जे वाचले ते नटांमुळे आणि शाहिरीमुळे. 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) आणि अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' (१९५९) या दोहोंत हंसा वाडकर आहेत, आणि त्या बोलू लागल्या की साचा विसरायला होतो. त्यांनी आपल्या आत्मचरित्राला याच दुसऱ्या चित्रपटाचे नाव दिले, आणि श्याम बेनेगल यांचा हिंदी चित्रपट 'भूमिका' (१९७७) त्यावरूनच प्रेरित आहे.

'पिंजरा' (१९७२) हा या परंपरेतला सर्वांत धीट चित्रपट आहे. आदर्श शिक्षक तमासगिरीणीच्या नादाने घसरतो ही कल्पना 'द ब्लू एंजल' या जर्मन चित्रपटातून आलेली आहे, परंतु शेवटची कलाटणी फार वेगळी आहे. गावाने मास्तरांना मेलेले मानून देव्हाऱ्यात बसवलेले असते आणि जिवंत मास्तरांवर त्याच मास्तरांच्या खुनाचा आरोप येतो. आपण कोण हे सांगितले तर गावाची श्रद्धा मोडेल, म्हणून तो माणूस गप्प राहून शिक्षा पत्करतो. डॉ. श्रीराम लागू यांनी ते मौन ज्या रीतीने पेलले आहे, ते पाहण्यासाठी मधली थोडी लांबलेली गाणी सोसायला माझी तयारी आहे. राम कदम यांचे संगीत अर्थात सोसण्याजोगे नाही, ऐकण्याजोगे आहे. या चित्रपटातल्या लागू आणि निळू फुले यांच्या जोडीचे पुढे काय झाले यासाठी पुढचा प्रश्न पाहावा.

९. 'सामना' आणि 'सिंहासन' यांपैकी आधी कोणता पाहावा, आणि श्रेष्ठ कोणता?

आधी 'सामना'. दोन्ही चित्रपट डॉ. जब्बार पटेल यांचे आणि दोन्हींची पटकथा विजय तेंडुलकर यांची आहे. 'सामना' १९७५ मध्ये बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धा विभागात दाखवला गेला. त्यात माणसे दोनच आहेत असे म्हटले तरी चालेल: सहकारी साखर कारखान्याच्या बळावर मुलूख मुठीत ठेवणारे हिंदुराव धोंडे पाटील (निळू फुले), आणि कोठून तरी आलेला, दारूच्या आहारी गेलेला मास्तर (श्रीराम लागू). हिंदुराव मास्तरला घरी ठेवून घेतात, कपडे देतात, दारू पाजतात, त्याच्याशी मित्रासारखे बोलतात. आणि मास्तर एकच प्रश्न विचारत राहतो की मारुती कांबळेचे काय झाले. तो प्रश्न प्रत्येक वेळी वेगळ्या पट्टीत येतो. आधी त्यात कुतूहल असते, मग नशा, मग हट्ट, आणि शेवटी तो प्रश्न उरतच नाही, तो आरोप झालेला असतो. निळू फुले यांच्या आवाजातला गुळमटपणा त्याच गतीने कमी होत जातो. हा सामना मी आवाजांचा सामना म्हणूनच पाहतो, आणि इतका चांगला मराठी संवाद पडद्यावर नंतर क्वचितच ऐकला.

'सिंहासन' (१९७९) अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवर आहे, आणि त्याचा पट मोठा आहे: मुख्यमंत्री (अरुण सरनाईक), त्यांना पाडू पाहणारे अर्थमंत्री विश्वासराव (लागू), कामगार पुढारी डिकास्टा (सतीश दुभाषी), आणि हे सगळे पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस (निळू फुले). एकाच नटाने पाच वर्षांच्या आत सत्ता भोगणारा हिंदुराव आणि सत्ता नुसती पाहणारा दिगू साकारावा, ही गोष्ट लक्षात घेऊन चित्रपट पाहावा. दिगू बोलतो थोडे, ऐकतो फार. सारे मंत्री, सारे दलाल त्याच्या कानाशी येऊन जातात. शेवटी रस्त्यावर त्याचे जे हसू फुटते ते त्या साऱ्या ऐकण्याचा निचरा आहे. सुरेश भट यांचे 'उषःकाल होता होता' या चित्रपटात आहे. श्रेष्ठ कोणता, असे विचारल्यास माझे मत 'सामना' च्या बाजूने आहे, कारण 'सिंहासन' मधली काही पात्रे ओळख होण्याआधीच निघून जातात. राजकारण समजून घ्यायचे असेल तर मात्र 'सिंहासन' ला तोड नाही.

१०. 'जैत रे जैत' मध्ये इतकी गाणी का आहेत?

कारण त्यात गाणी हेच निवेदन आहे. गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवरचा हा १९७७ चा चित्रपट ठाकर समाजातील नाग्या (मोहन आगाशे) आणि चिंधी (स्मिता पाटील) यांची कथा सांगतो. राणीमाशीने नाग्याचा डोळा घेतला, म्हणून त्याने लिंगोबाच्या डोंगरावरच्या मधमाश्यांशी वैर धरले आहे. ना. धों. महानोर यांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत मध्ये मध्ये थांबून येत नाही. ते कथा पुढे नेते, बातमी सांगते, टोकते. गाणी वेगळी ऐकण्याची आपल्याला सवय आहे, परंतु या चित्रपटातून ती उचलून काढली तर दोन्हीकडे नुकसान होते. ज्यांना वाटते की हे 'संगीतमय' वगैरे आपल्याला झेपणार नाही, त्यांनी पहिली वीस मिनिटे गाण्यातले शब्द संवाद समजून ऐकावेत.

११. विनोदी चित्रपट अभिजात मानायचे का?

ज्या चित्रपटाचे संवाद तीन पिढ्यांना पाठ आहेत त्याला दुसरे काय म्हणायचे? सचिन पिळगांवकर यांच्या 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) चे मूळ हिंदी 'बीवी और मकान' मध्ये असले तरी अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या वेळेच्या जाणिवेने तो पूर्णपणे मराठी झाला आहे. दादा कोंडके यांच्या चित्रपटांपैकी 'सोंगाड्या' (१९७१) आवर्जून पाहावा. त्यातला भाबडेपणा पुढे द्व्यर्थाच्या भाराखाली दबत गेला असे माझे मत आहे. महेश कोठारे यांचा 'धुमधडाका' (१९८५) मित्रांच्या घोळक्यात पाहावा, एकट्याने नाही.

१२. 'श्वास' पासून नवा मराठी चित्रपट सुरू झाला, हे कितपत खरे आहे?

प्रेक्षकांच्या बाजूने खरे आहे, निर्मितीच्या बाजूने अपुरे आहे. संदीप सावंत यांच्या 'श्वास' ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, आणि 'श्यामची आई' नंतर पन्नास वर्षांनी ते मराठीकडे आले. ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणूनही त्याची निवड झाली. त्यामुळे लहान पैशांत, गाजलेल्या नटांच्या आधाराशिवाय चित्रपट होऊ शकतो असा धीर अनेकांना आला. चित्रपट स्वतः अतिशय साधा आहे. नातवाचे डोळे कर्करोगामुळे काढावे लागणार आहेत, आणि त्याआधी आजोबा (अरुण नलावडे) त्याला बाहेर नेऊन जग दाखवून आणतात.

परंतु सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर त्याच्या कितीतरी आधीपासून त्याच वाटेवर होते. 'दोघी' (१९९५) आणि 'वास्तुपुरुष' (२००२) हे चित्रपट 'श्वास' च्या आधीचे आहेत. त्यांच्या 'अस्तु' मध्ये डॉ. मोहन आगाशे यांनी स्मृती हरवत चाललेले संस्कृतचे विद्वान उभे केले आहेत. शब्दांवर आयुष्य काढलेल्या माणसाकडून शब्दच निघून जातात, आणि हत्तीच्या मागे गेलेला तो म्हातारा माहुताच्या बायकोला आई म्हणू लागतो. अमृता सुभाष यांनी ती बाई जिवंत केली आहे. 'श्वास' पाहून जे थांबले त्यांनी 'अस्तु' नक्की पाहावा, असे मी हात जोडून सांगतो. याच वाटेवरचे पुढचे टप्पे म्हणून 'वळू', 'विहीर' आणि 'देऊळ' हे उमेश कुलकर्णी यांचे चित्रपट घ्यावेत. त्यांपैकी 'विहीर' माझ्या सर्वांत जवळचा आहे.

१३. 'सैराट' पाहिला आहे. 'फँड्री' वेगळा पाहायला हवा का? (दोन्हींचे शेवट उघड होतात.)

हवा, आणि शक्य असल्यास 'सैराट' पुन्हा पाहण्याआधी. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' जब्या नावाच्या शाळकरी मुलाचा आहे. त्याला काळी चिमणी हवी आहे, शालू हवी आहे, आणि वडिलांसोबत डुकरे पकडण्याचे काम नको आहे. शाळेच्या भिंतीबाहेर डुकराचा पाठलाग चालू असताना आतून राष्ट्रगीत सुरू होते आणि हे कुटुंब जागच्या जागी थिजून उभे राहते. डुक्कर निसटून जाते. त्या प्रसंगाला एका शब्दाचीही जोड दिलेली नाही. पुढे बांधलेले डुक्कर घेऊन जाताना मागच्या भिंतीवर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई यांची चित्रे येऊन जातात. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्या दिशेने येतो.

'सैराट' (२०१६) मध्ये हाच दिग्दर्शक आधी आपल्याला भरभरून गाणी देतो. अजय-अतुल यांचे संगीत लॉस एंजेलिसमध्ये पाश्चात्त्य वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित झाले, आणि गाण्यांचा सारा बहर पूर्वार्धात आहे. आर्ची आणि परश्या हैदराबादला पोहोचले की गाणे मागे राहते आणि झोपडपट्टी, डोशाची गाडी, भाषा न समजणे यांचे दिवस सुरू होतात. अनेकांना उत्तरार्ध कंटाळवाणा वाटला; माझ्या मते तोच चित्रपटाचा कणा आहे, कारण पळून गेल्यानंतरचा संसार आपल्या प्रेमकथांनी कधी दाखवलाच नव्हता. शेवटच्या क्षणांत दिग्दर्शक आवाजच काढून घेतो. लहान मूल बाहेर येते, रक्ताची पावले उमटतात, आणि ऐकू काहीच येत नाही. ज्या प्रेक्षकांनी तासाभरापूर्वी थिएटरात उठून नाच केला होता त्यांच्यावर ती शांतता येऊन पडते, म्हणून आधीच्या नाचगाण्याला उथळ म्हणणे मला पटत नाही. 'सैराट' वरून केलेल्या हिंदी 'धडक' विषयीही विचारले जाते. मंजुळे यांच्या चित्रपटात जात घराघरात, वर्गात, क्रिकेटच्या मैदानावर ऐकू येते. ती काढून घेतल्यावर उरते ती साधी पळून जाण्याची गोष्ट.

१४. 'कोर्ट' आणि 'द डिसायपल' यांना मराठी चित्रपट म्हणायचे का? त्यांत इतर भाषाही आहेत.

म्हणायचे. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) मध्ये मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी अशा चार भाषा आहेत, कारण मुंबईच्या कनिष्ठ न्यायालयात त्या असतात. शाहीर नारायण कांबळे (वीरा साथीदार) यांच्यावर असा आरोप आहे की त्यांच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली. न्यायालयात मजकूर एका भाषेत उच्चारला जातो, दुसरीत समजावला जातो आणि तिसरीत टाइप होतो, आणि माणसाचे स्वातंत्र्य त्या भाषांतराच्या फटींत अडकते. सरकारी वकील बाईंना (गीतांजली कुलकर्णी) आपण लोकलमध्ये, स्वयंपाकघरात, नाटकाला गेलेल्या पाहतो, आणि त्यांच्याविषयी सोपा तिटकारा बाळगणे अशक्य होते. व्हेनिसमध्ये या चित्रपटाला ओरायझन्स विभागाचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पारितोषिक मिळाले, आणि नंतर राष्ट्रीय सुवर्णकमळही.

'द डिसायपल' (२०२०) तर पूर्णपणे ऐकण्याचाच चित्रपट आहे. ख्याल गायकीत आयुष्य घालवणारा शरद रात्री मोकळ्या रस्त्यावर मोटारसायकल चालवताना कानात 'माई' या गायिकेची जुनी ध्वनिमुद्रित व्याख्याने ऐकत असतो, आणि तो आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. त्या कलेविषयी इतके कठोर बोलतात की ऐकणाऱ्याला गाणे सोडावेसे वाटावे. आपण मेहनत करूनही मध्यमच राहणार, हे कळत जाणाऱ्या माणसाचे इतके प्रामाणिक चित्र मी दुसरे पाहिलेले नाही. शास्त्रीय संगीत कळत नाही म्हणून हा चित्रपट टाळू नये. शरद कोठे कमी पडतो ते त्याच्या गुरूंच्या चेहऱ्यावर वाचता येते.

१५. आमची मुले परदेशात वाढली आहेत, मराठी समजते पण बेताचे. त्यांच्यासोबत काय पाहावे?

अविनाश अरुण यांचा 'किल्ला' आणि परेश मोकाशी यांचा 'एलिझाबेथ एकादशी', दोन्ही २०१४ चे. पहिल्याला बर्लिन महोत्सवाच्या बालचित्रपट विभागात क्रिस्टल बेअर मिळाले. कोकणात बदली होऊन आलेल्या आईचा मुलगा नवे मित्र जोडतो आणि दुखावला जातो, आणि ते समजण्यासाठी फारशा शब्दांची गरज नाही. दुसऱ्यात पंढरपूरच्या एका घरची मुले आपली 'एलिझाबेथ' नावाची सायकल विकली जाऊ नये म्हणून वारीच्या गर्दीत बांगड्यांचे दुकान मांडतात. सबटायटल्स जरूर लावावीत, परंतु पहिल्या पंधरा मिनिटांनंतर एखादा प्रसंग ती बंद करून पाहावा. मुलांना वाटते त्यापेक्षा जास्त समजते, आणि ते त्यांच्या लक्षात आले की पुढचा चित्रपट तीच मागतात.

१६. जुन्या चित्रपटांच्या चांगल्या प्रती का मिळत नाहीत?

कारण पुष्कळसे उरलेलेच नाही. बाबूराव पेंटर यांचा 'सावकारी पाश' (१९२५) हा मूकपट, ज्यात तरुण व्ही. शांताराम शेतकऱ्याच्या भूमिकेत होते, आज पाहायला मिळत नाही. त्या काळची नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही होती, शिवाय तीतली चांदी काढून घेण्यासाठीही रिळे विकली गेली. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले तोवर मूकपटांचा बहुतांश भाग गेलेला होता, आणि जानेवारी २००३ मधल्या आगीत नायट्रेटवरचा मोठा साठा जळाला. यूट्यूबवर जे मिळते ते बहुधा टीव्हीवरून उतरवलेले असते, कडा कापलेल्या आणि आवाज दबलेला. अशा प्रती हेडफोन लावून पाहाव्यात. चित्र सुधारत नाही, संवाद मात्र बरेच हाती लागतात.

१७. जुन्या चित्रपटांतली स्त्रियांची आणि जातीची चित्रे आज खटकतात. तरीही त्यांना थोर म्हणायचे? (शेवट उघड होतात.)

खटकली पाहिजेत. 'कुंकू' चा शेवट नीरेला मोकळे करतो तो म्हाताऱ्याच्या मरणाने आणि त्याच्या परवानगीने, तिच्या निर्णयाने नाही. प्रश्न ५ मध्ये मी त्याची एवढी स्तुती केली असली तरी ही उणीव उणीवच राहते. तमाशापटांनी कलावंतिणीला मोहाचे दुसरे नाव केले, आणि ज्या समाजांतून त्या आल्या त्यांच्या जगण्याकडे क्वचितच पाहिले. 'उंबरठा' मधली सुलभा (स्मिता पाटील) घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षक होते, हरते, परत येते, आणि तिला कळते की घराने तिची जागा भरून काढली आहे. ती पुन्हा निघते. 'कुंकू' नंतर त्या टप्प्यापर्यंत यायला पंचेचाळीस वर्षे लागली. जातीच्या बाबतीत तर 'फँड्री' पर्यंत थांबावे लागले, आणि तोवरच्या गावाकडच्या चित्रपटांत गावकुसाबाहेरचे घर जवळजवळ दिसतच नाही. थोर चित्रपटाला दोष सांगत सांगतच थोर म्हणावे. दोष लपवले की नव्या पिढीला तो चित्रपट खोटा वाटू लागतो.

१८. अगदी अलीकडचे काय पाहावे?

दोन नावे देतो. रोहन परशुराम कानवडे यांच्या 'साबर बोंडं' ला २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळाले. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला आनंद आणि त्याचा लहानपणीचा मित्र यांच्यातले प्रेम त्यात कोणताही गाजावाजा न करता आलेले आहे. नातेवाईक लग्नाविषयी विचारत राहतात, आई सगळे जाणून शांतपणे बोलते, आणि सुतकाचे नियम दिवसांना आकार देतात.

दुसरा जयंत सोमलकर यांचा 'स्थळ', जो २०२३ मध्ये टोरांटो महोत्सवात दाखवला गेला आणि २०२५ मध्ये येथे प्रदर्शित झाला. विदर्भातल्या एका गावात कापसाच्या भावाची चिंता करणाऱ्या घरातली सविता शिकते आहे, आणि तिला पाहायला मंडळी येत राहतात. पाटावर बसवणे, नाव, शिक्षण, उंची, आवड, सगळे प्रश्न दर वेळी त्याच क्रमाने, त्याच आवाजात विचारले जातात. दिग्दर्शक ते प्रसंग कापत नाही, पूर्ण ऐकवतो. नट बहुतेक गावातलेच आहेत आणि बोली विदर्भातली, म्हणून पश्चिम महाराष्ट्रातल्या प्रेक्षकांना काही शब्द दोनदा ऐकावे लागतील. 'कुंकू' नंतर लगेच 'स्थळ' पाहिला तर उत्तम. दोन्हींत मुलीच्या लग्नाचा व्यवहार मोठी माणसे करतात, फक्त सविताच्या घरी ती माणसे वाईट नाहीत, हतबल आहेत, आणि त्यामुळे तिला चिडायलाही कोणी सापडत नाही.